आडनाव आणि पहिलं अक्षर

ताईला लहानपणापासून किड्यांचं वेड होतं असं लोक सांगतात, ते खरं नाही. झुरळ दिसलं की ती पलंगावर चढून बसायची आणि मला झाडू आणायला पाठवायची. कीटकशास्त्राला ती गेली, कारण बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या होत्या आणि वडील म्हणाले, वर्ष फुकट घालवण्यापेक्षा हे घे. पहिली सहामाही ती रडत घरी यायची. दुसऱ्या सहामाहीत एका मास्तरांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन किडे ठेवले आणि वर्गाला विचारलं, हे एकाच जातीचे की वेगळे? सगळ्यांनी एकच म्हणून सांगितलं. ताई बराच वेळ डोळा लावून बसली आणि म्हणाली, वेगळे. ते वेगळेच होते. त्यानंतर तिचं रडणं थांबलं.

मी तिची धाकटी बहीण. शाळेत भूगोल शिकवते. ह्या गोष्टीत जे काही शास्त्र येईल ते ताईने मला भाजी निवडता निवडता समजावलेलं आहे, तेव्हा कुठे चुकलं तर ती चूक माझी.

भाऊजी तिच्याच वर्गातले. हसरा, बोलका, कुणालाही पटकन आपलासा वाटणारा माणूस. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा जेवण झाल्यावर स्वतःची थाळी उचलून मोरीत ठेवली आणि आईचं मन तिथेच जिंकलं. आजही भाऊजींबद्दल चार वाईट गोष्टी सांगा म्हटलं तर मी तिसऱ्या गोष्टीला अडेन. लग्नाआधी ताईचा एकच शोधनिबंध छापून आला होता, तीन पानांचा, माहेरच्या आडनावाने. लग्नानंतर आडनाव बदलावं की नाही यावर फार चर्चा झाली नाही. सासूबाई म्हणाल्या, दारावर दोन-दोन आडनावं बरी दिसत नाहीत. ताई म्हणाली, बदलते, त्यात काय एवढं. दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर एकच होतं, त्यावरून आम्ही लग्नात चेष्टाही केली. रुमालांवर एकदाच भरतकाम करून चालेल, असं आत्या म्हणाली होती.

दोघं एकाच संशोधन संस्थेत लागले, एकाच विभागात. भाऊजींची खोली जिन्याजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांची. ताईची पार टोकाला, स्वच्छतागृहाला लागून. तिने ती मागून घेतली होती, कारण तिथल्या खिडकीतून दिवसभर सारखा उजेड यायचा. मी एकदा सुट्टीत तिथे गेले. टेबलावर एक सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्यांचे लाकडी डबे आणि कोपऱ्यात कुंडीतलं जास्वंदीचं झाड, ज्याच्या देठांवर कापसासारखं पांढरं काही चिकटलं होतं.

“हे पुसून टाक की,” मी म्हटलं.

“हात लावू नकोस,” ताई म्हणाली. “ती माझी माणसं आहेत.”

ती ‘माणसं’ म्हणजे पिठ्या ढेकूण. झाडाचा रस शोषणारा, अंगावर पीठ लावून बसलेला किडा. त्याच्या शेकडो जाती, आणि नुसत्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच. ओळखायचा तर किडा औषधात उकळायचा, आतला गाळ काढून टाकायचा, उरलेलं पारदर्शक कातडं रंगवून काचेवर पसरायचं आणि मग पाठीवरची बारीक छिद्रं बघायची. कुठे आहेत, कशी आहेत, त्यावरून जात ठरते. आणि ती ठरणं महत्त्वाचं, कारण प्रत्येक जातीला खाणारा मित्रकीटक वेगळा. एक इवलीशी गांधीलमाशी असते, ती एका जातीच्या ढेकणात अंडी घालते, दुसरीकडे ढुंकूनही बघत नाही. जात चुकली तर बागेत हजारो माश्या सोडल्या तरी उपयोग शून्य.

ताईने हे ओळखायचं काम हातात घेतलं. भाची झाली तेव्हा सुट्टीवर असतानाही घरी जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. मान कायमची दुखायला लागली, पट्टा आला. पण एकेक करत तिचे निबंध छापून येत गेले, आणि त्यातला एक, ज्यात साऱ्या महत्त्वाच्या जाती पायरी-पायरीने ओळखायचा तक्ता होता, तो जगभर चालू लागला. कुठल्याही देशात कुणालाही ह्या किड्यावर काम करायचं तर आधी तो कोणता हे सांगावं लागायचं, आणि ते सांगताना ताईच्या तक्त्याचा हवाला द्यावा लागायचा. निबंधावर नाव छापलेलं असायचं जुन्या पद्धतीने: आडनाव, पुढे नावाचं पहिलं अक्षर. खाली संस्थेचा पत्ता. बस्स.

भाऊजींचं काम फवारणीच्या प्रयोगांचं. कोणतं औषध किती मारलं तर किती किडे मेले. गरजेचं काम होतं, पण त्याचे निबंध थोडे आणि दोन-चार वर्षांत शिळे होणारे. ते त्यांनाही ठाऊक होतं. ते व्याख्यानं उत्तम द्यायचे, बैठकांत रमायचे आणि ताईच्या कामाचं मनापासून कौतुक करायचे. घरी.

मग संगणकाचा जमाना आला आणि शास्त्रज्ञांची मोजणी सुरू झाली. कुणाचे किती निबंध आणि त्या निबंधांचा दुसऱ्यांनी किती वेळा उल्लेख केला, हे एका मोठ्या संकेतस्थळावर दिसू लागलं. प्रत्येक लेखकाचं एक पान. ते पान माणूस करत नव्हता, यंत्र करत होतं. यंत्राने एकच आडनाव, एकच अक्षर, एकच संस्था पाहिली आणि दोघांचे सगळे निबंध एका पानावर घातले. संस्थेच्या ग्रंथपाल बाईंनी त्या पानावर फोटो चढवला. तो भाऊजींचा होता, कारण संस्थेच्या माहितीपत्रकात त्यांचाच होता.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. भाऊजी पेढ्यांसारखं काहीतरी गोड घेऊन आले आणि हसत म्हणाले, “आज संचालकांनी बोलावून अभिनंदन केलं. म्हणे, संस्थेत सगळ्यांत जास्त उल्लेख माझ्या नावावर.”

ताई पण हसली. “अरे, ते माझे आहेत.”

“माहीत आहे गं. यंत्राला काय कळतंय. घेऊ दुरुस्त करून.”

“मग संचालकांना सांगितलंस ना?”

“तिथे दहा जण उभे होते. सांगेन.”

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही, महिन्याभरातही नाही. मग विभागप्रमुखाची जागा निघाली आणि भाऊजींची निवड झाली. निवड समितीने ते पान उघडून पाहिलं होतं. मी भाऊजींना सरळ विचारलं, तुम्ही त्यांना सांगितलंत का? ते म्हणाले, “मी अर्जात फक्त माझेच निबंध लिहिले होते. त्यांनी पान बघितलं त्याला मी काय करू?” आणि हे खरं होतं. भाऊजी कधी खोटं बोलले नाहीत. समोरचा जे समजून बसला आहे ते त्याच्या हातातून काढून घ्यायचं तेवढं त्यांनी केलं नाही.

वर्षभराने ताईची बढतीची मुलाखत आली. नवरा विभागप्रमुख असल्यामुळे नियमाप्रमाणे त्याला समितीत बसता येत नव्हतं. भाऊजी बाहेर बाकावर बसले. आत अध्यक्षांनी ताईची यादी बघितली, संगणकावर पान उघडलं, चष्मा वर केला.

“बाई, हे निबंध तर सरांच्या पानावर आहेत.”

“ते माझे आहेत. नावाच्या अक्षरामुळे घोळ झालाय.”

“सगळेच?”

“हो. सगळेच.”

अध्यक्ष बाकीच्यांकडे बघून थोडंसं हसले. ते हसू ताईने मला इतक्या वेळा वर्णन करून सांगितलं आहे की मी ते न पाहता काढून दाखवू शकेन. ते म्हणाले, “नवरा-बायको एकत्र काम करतात तेव्हा असं वाटणं साहजिक आहे.” ताई म्हणाली, “सरांना आत बोलवा आणि विचारा.” अध्यक्ष म्हणाले, “नात्यातल्या माणसाला विचारता येत नाही. नियम आहे.” भाऊजी पंधरा पावलांवर बाहेर बसून चहा पीत होते, आणि समितीने ज्याचं ऐकलं असतं अशा एकुलत्या एका माणसाला नियमाने आत यायला बंदी होती. ताईला बढती मिळाली नाही. अध्यक्षांनी शेरा लिहिला, स्वतंत्र संशोधन अपुरं.

त्या रात्री घरात भांडण झालं असेल असं तुम्हाला वाटेल. झालं नाही. ताईने भाजी केली, भाऊजींनी पोळ्या लाटल्या. ते म्हणाले, पुढच्या वेळी बघू. ती म्हणाली, “पुढच्या वेळी तू बाहेर बसू नकोस, आधीच लेखी दे.” ते हो म्हणाले. त्यांचं ‘हो’ फार गोड असतं. त्या ‘हो’मधून पुढे कधी काही निघालं नाही.

शेवटी ताईने स्वतःच संकेतस्थळाच्या लोकांना लिहिलं. एकेका निबंधाचं जुनं हस्तलिखित, छपाईआधी आलेले तपासणीचे कागद, जे जे सापडलं ते जोडलं. तिकडच्या कुणी भल्या माणसाने शांतपणे सगळं तपासलं आणि एका पानाची दोन पानं केली. एका दिवसात भाऊजींच्या पानावरची इमारत कोसळून ओटा उरला, आणि ताईचं पान उभं राहिलं. संस्थेत सर्वांत वर.

ताईने मला फोन केला. “बघ, उघडून बघ,” एवढंच म्हणाली. मी शाळेच्या संगणकावर पान उघडून बघितलं. फोटोच्या जागी अजून करडी आकृती होती.

पण ताईने वेळ चुकीची निवडली. किंवा वेळेने तिला. भाऊजींचं नाव तेव्हा संचालकपदासाठी पुढे गेलं होतं. चार दिवसांत संस्थेत बोललं जाऊ लागलं की बाईंनी नवऱ्याचे निबंध आपल्या नावावर करून घेतले. बढती हुकली म्हणून. कुणी म्हणालं, वयाचा परिणाम. कुणी म्हणालं, बिचारे सर. गंमत अशी की त्या मजल्यावरच्या प्रत्येकाला खरं माहीत होतं. शिपायापासून ग्रंथपाल बाईंपर्यंत प्रत्येकाने ताईला वर्षानुवर्षं त्या टोकाच्या खोलीत मान वाकवून बसलेली पाहिली होती. पण हेही माहीत होतं की पुढचे संचालक कोण होणार. ग्रंथपाल बाई ताईला जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “मॅडम, माझी अजून आठ वर्षं नोकरी आहे.” ताई म्हणाली, “बरोबर आहे तुमचं.” ह्या बाईंचा मला सगळ्यांत कमी राग येतो, कारण त्या निदान बोलल्या.

चौकशीला तीन जणांची समिती बसली. ताईने काचपट्ट्यांचे डबे नेले, प्रत्येक पट्टीवर तिचं अक्षर. समितीतला एक जण म्हणाला, पट्ट्यांवर नाव विभागाचं आहे, अक्षर कुणाचंही असेल. दुसऱ्याने विचारलं, हस्तलिखितं तुमच्या घरूनच आली ना? म्हणजे सरांच्याही घरून. मग या वेळी भाऊजींना आत बोलावलं. चौकशी होती, बढती नव्हती, त्यामुळे नियम आड येत नव्हता.

ताई समोर बसली होती. ती म्हणते की त्या क्षणापर्यंत तिला खात्री होती.

भाऊजींनी घसा साफ केला. म्हणाले, “आमच्या घरात तुझं काम, माझं काम असं आम्ही कधी मोजलं नाही. तिला हे सगळं तिच्या नावावर हवं असेल तर माझी हरकत नाही.”

समितीतले तिघं भारावले, इतका मोठेपणा त्यांनी बहुधा पाहिला नव्हता. एकाने तर डोळे पुसले असं ताई सांगते, पण तिथे ती रंगवून सांगत असावी. निकाल असा लागला की काम दोघांचं मिळून आहे, तेव्हा पान पूर्ववत एकच ठेवावं. संस्थेने संकेतस्थळाला तसं अधिकृत कळवलं. एका बाईच्या कागदांपुढे अधिकृत कळवणं जड ठरलं. पान एक झालं, फोटो परत आला.

बाहेर पडल्यावर व्हरांड्यात भाऊजी तिला म्हणाले, “मी तुझ्याविरुद्ध एक शब्द बोललो नाही.”

“नाही बोललास,” ताई म्हणाली.

भाऊजी संचालक झाले. मी ताईला म्हटलं, माझ्याकडे ये, दोन खोल्या आहेत, भागेल आपलं. ती म्हणाली, “आणि तिथे येऊन काय करू? माझे डबे इथे आहेत.” भाचीला वाटायचं आईच बाबांच्या मोठेपणावर जळते. ती तेव्हा कॉलेजात होती. बाप संचालक, आई टोकाच्या खोलीत, तिने आपला हिशोब केला. तिला कुणी समजावलं नाही. मी प्रयत्न केला तेव्हा म्हणाली, “मावशी, तू आईचीच बाजू घेणार.” ते खरंच होतं, घेतच होते.

ताईने एक केलं. ती लिहायची थांबली. खोलीत जायची, कुणी किडा पाठवला तर ओळखून द्यायची, चिठ्ठीवर किड्याचं नाव लिहून. पण निबंध नाही. त्या पानावर वर्षाच्या क्रमाने उंच-बुटक्या पट्ट्या असतात, किती निबंध आले ते दाखवणाऱ्या. त्या वर्षापासून पट्ट्या जमिनीला लागल्या. भाऊजींच्या निवृत्तीच्या समारंभात भाषण करणारे गृहस्थ पडद्यावर तोच आलेख दाखवून म्हणाले की सरांनी संस्थेसाठी केवढा त्याग केला पाहा, प्रशासनाची जबाबदारी आली आणि त्यांचं स्वतःचं संशोधन थांबलं. मी ताईच्या शेजारी बसले होते. तिने पर्समधून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले, झाकण लावलं.

आता शेवटचा भाग. निवृत्तीनंतर भाऊजींना घर खायला उठलं. एका प्रकाशकाने त्यांना लिहिलं, तुमच्या प्रसिद्ध तक्त्याची नवी आवृत्ती करून द्या, मध्यंतरी बऱ्याच नव्या जाती सापडल्या आहेत. ते ताईकडे आले. मी त्या दिवशी तिथेच होते, दोघी शेंगा सोलत होतो.

“आपण मिळून करू,” ते म्हणाले. “या वेळी दोघांची नावं, पूर्ण. अक्षरं नकोत.”

“नाही,” ताई म्हणाली.

“असं काय करतेस? मी सांगतोय ना, पूर्ण नावं.”

“ऐकलं मी. तुझा तक्ता आहे, तूच कर.”

आणि त्यांनी केला. हट्टाने म्हणा, एकटेपणाने म्हणा, किंवा इतकी वर्षं ऐकून ऐकून त्यांना स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं म्हणून. दोन जवळजवळ सारख्या जाती त्यांनी उलट्यासुलट्या केल्या. तक्ता छापून आला, नाव मोठं होतं, कुणी शंका घेतली नाही. दूर कुठेतरी फळबागांवर पिठ्या ढेकूण पडला. तिथल्या लोकांनी नव्या तक्त्यावरून जात ठरवली, त्या जातीच्या माश्या वाढवल्या, सोडल्या. माश्या उपाशी मेल्या. पुढच्या हंगामातही तेच. झाडं पांढरी होऊन वाळली. मग कुणा तरुण संशोधिकेने चूक पकडली आणि सडकून निबंध लिहिला. तिच्यामागून आणखी वीस जणांनी. प्रत्येकाने शिव्या घालण्यासाठी का होईना, त्या तक्त्याचा उल्लेख केला, आणि यंत्राला शिवी आणि शाबासकी यांतला फरक कळत नाही. पानावरचा आकडा भाऊजींच्या आयुष्यात कधी नव्हता इतका चढला. संस्थेने आपल्या वार्षिक अहवालात तो अभिमानाने छापला.

त्या संशोधिकेच्या निबंधात एक वाक्य होतं. ताईने ते मला वाचून दाखवलं. ज्या लेखकाचं सुरुवातीचं काम इतकं निर्दोष होतं त्याच लेखकाने हे लिहावं, याचं दुःख होतं, अशा अर्थाचं. ताईने कागद घडी करून ठेवला. तिचं निर्दोष काम आणि ही घोडचूक, दोन्ही आता एकाच माणसाची होती.

भाऊजी खचले. जेवेनात. मग एका सकाळी ताई जुना सूक्ष्मदर्शक घेऊन जेवणाच्या टेबलावर बसली. मानेला पट्टा, डोळ्याला मोतीबिंदू. संस्थेतून तिने आपले दोन डबे मागवून घेतले होते. मी म्हटलं, “तू त्यांच्यासाठी हे करणार?”

“त्याच्यासाठी कुठे?” ती काचपट्टी सरकवत म्हणाली. “तिकडे लोक अजून चुकीच्या माश्या सोडतायत.”

तिने दुरुस्ती लिहिली. प्रकाशकाने ती छापली. छापून आलेल्या तक्त्याची दुरुस्ती होती, त्यामुळे नियमाप्रमाणे मूळ लेखकाच्या नावाने. भाऊजींना अभिनंदनाचे फोन आले. एवढा मोठा माणूस, एवढ्या वयात स्वतःची चूक कबूल करतो, हे आजकाल कुठे बघायला मिळतं, असं एका जुन्या सहकाऱ्याने वर्तमानपत्रात लिहिलं. भाची खास भेटायला आली आणि बाबांच्या गळ्यात पडली.

मला ते बघवलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले. ताई चहाची भांडी विसळत होती. मी विचारलं, तुला काहीच वाटत नाही का?

“वाटतं,” ती म्हणाली. “रोज वाटतं. पण आता ह्यावर मला पुन्हा विचारू नकोस.”

मी विचारलं नाही. तिने हात पुसले आणि बाहेरच्यांसाठी चहा ओतला.